मालकीणबाईंचा पाय

वन्सं फाटकातूनच डोळे पुसत आत शिरल्या. मालकीणबाईंनी लांबूनच ताडलं, बातमी वाईट आहे आणि वन्संना ती सांगायची भारी हौस आहे.

मालकीणबाई हिरव्या जाळीखाली बसून गुलाबाची कलमं बांधत होत्या. रोपवाटिका त्यांची स्वतःची. नवरा अकाली गेला तेव्हा तिथे नुसतं दगडामातीचं पटांगण होतं. त्यावर त्यांनी रोपं वाढवली आणि रोपांवर मुलगा. मुलगा आता मोठ्या हॉस्पिटलात त्वचेचा डॉक्टर होता, सून शाळेत गणित शिकवत होती. पण कामाला येणाऱ्या बायका ज्या दिवसापासून त्यांना मालकीणबाई म्हणायला लागल्या, त्या दिवसापासून त्यांना दुसरं नाव उरलं नव्हतं आणि त्यांना ते नकोही होतं.

वन्सं म्हणजे त्यांची नणंद. दोघींनी एकमेकींना आयुष्यभर पाण्यात पाहिलं होतं, आणि एकमेकींवाचून दोघींचं चालतही नव्हतं.

"वहिनी," उपड्या कुंडीवर बसकण मारत वन्सं म्हणाल्या, "एवढं सोसलंत हो एकटीनं. एका शब्दानं बोलला नाहीत."

"काय सोसलं? तुम्हाला ना? ते तर सगळ्या घरानं पाहिलंय."

वन्संनी टोमणा गिळला. एरवी त्या गिळणाऱ्यातल्या नव्हत्या. तेव्हा मात्र मालकीणबाईंनी कलमावरून नजर उचलली.

"पायाचं म्हणतेय मी," वन्संनी आवाज खाली आणला.

वन्संची नात नर्सिंग शिकत होती. वर्गातल्या बाईंनी तिला कुठल्याशा दुर्मीळ रोगावरचा लेख वाचायला सांगितला होता. वाचता वाचता तिनं फोन आजीपुढे धरला, "बघ गं, कसा पाय झालाय बिचारीचा." वन्संनी चष्मा लावला. पावलावर लालकाळ्या गाठींचा ढीग, आणि त्याखाली अंगठ्याशेजारची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली, जन्मापासून जोडलेली.

"नवी नवरी म्हणून घरात आलात तेव्हापासून ओळखते मी ती बोटं," वन्सं म्हणाल्या. "आणि लेखावर नाव बघते तर आपल्याच भाच्याचं."

मालकीणबाईंनी हातातलं कलम तसंच खाली ठेवलं. भर उन्हाळ्यात जाड मोजे घालणारी बाई होती ती. कुणी विचारलं तर "मला थंडी वाजते" म्हणायची, आणि पुन्हा विचारायची कुणाची छाती नव्हती. गुलाबाचा एक काटा पायात मोडला, त्याची आधी पुळी झाली, पुळीची गाठ झाली, गाठीच्या गाठी झाल्या. दार लावून धुवायच्या, दार लावून बांधायच्या. एकदा तापात पडल्या होत्या तेव्हा मुलानं जबरदस्तीनं मोजा ओढून काढला आणि तिथेच फरशीवर बसून पाय मांडीवर घेतला. मग गोळ्या झाल्या, गाठी गोठवून झाल्या, फरक बघायला म्हणून मुलानं फोटोही काढले, आणि पुष्कळ दिवसांनी पाय चक्क बरा झाला. तो पाय मुलाखेरीज कुणी पाहिला नव्हता. सुनेनंही नाही.

"पाय माझा नाही," मालकीणबाई म्हणाल्या.

"बरं," वन्सं म्हणाल्या, आणि उठताना वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं. त्या कीव करून गेल्या.

संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा सून चहा गाळत होती.

"माझा पाय कुणाकुणाला दाखवलास?" मालकीणबाईंनी उंबऱ्यातच विचारलं.

मुलाला आधी कळेना. कळलं तेव्हा तो चक्क हसला. "ते होय! अगं आई, छापून आला ना लेख. सांगणारच होतो. एवढ्या जुन्या दुखण्यातून पूर्ण बरे झालेले पेशंट फार थोडे असतात. कौतुकाची गोष्ट आहे ती."

"कुणाच्या कौतुकाची?"

"तुझ्या... म्हणजे आपल्या. आणि त्यात तुझं नाव कुठेही नाहीये."

"पायाला नाव लागत नाही. तुझ्या आत्यानं बोटं ओळखली. पुस्तक कितीचं आहे ते?"

"पुस्तक नाही, जर्नल आहे. आणि ते फुकट असतं. ज्ञान सगळ्यांना मिळावं म्हणून. जगात कुणीही वाचावं, उतरवून घ्यावं, दुसऱ्याला द्यावं."

"वा! म्हणजे माझा पाय तू जगाला फुकट वाटलास. रोपाची एक काडी न्यायला आलेला माणूससुद्धा मला विचारून नेतो रे."

सुनेनं कप टेबलावर ठेवले. वर्गात एखाद्या पोरानं उत्तराच्या आधीची पायरी गाळली की ती जशी थांबायची, तशी थांबली. "एक मिनिट. पेशंटच्या परवानगीशिवाय छापत नाहीत ना तुमच्यात? आईंची परवानगी कधी घेतलीस?"

"घेतली की. संमतीपत्र पाठवलंय मी. आईची सही..."

आणि तो तिथेच थांबला.

त्या घरात एक पद्धत होती, कुणाला विचित्र वाटू नये इतकी जुनी. मालकीणबाईंना सही येत होती, पण अक्षर सावकाश यायचं, आणि कुणी बघत उभं राहिलं की हात अडखळायचा. त्यांना ते खपत नसे. म्हणून मुलगा शाळेत होता तेव्हापासून त्यांची सही तोच करायचा. आलेलं पार्सल असो, रोपांची पावती असो, "कर माझी सही" म्हणायचं की झालं. स्वतःच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा आईची सही त्यानंच केलेली. एका मास्तरांनी आईच्या वळणदार अक्षराचं कौतुकही केलं होतं. जर्नलनं पेशंटच्या सहीचा कागद मागितला तेव्हा त्यानं आईचं नाव त्याच वळणानं लिहिलं आणि पाठवून दिलं. हात सवयीनं चालला. डोकं चाललंच नाही.

"मी केली सही," तो म्हणाला. चेहरा पांढराफटक पडला होता. "अगं, मी तर विद्यार्थ्यांना शिकवतो. पेशंटला लेख वाचून दाखवा, समजावून सांगा, मगच सही घ्या. दर वर्षी शिकवतो."

"मी नाही तुला असं काही करायला सांगितलं," मालकीणबाई म्हणाल्या.

"नाही ना. या वेळी नाहीच सांगितलंस."

चहा कुणालाच प्यायला मिळाला नाही, कारण मालकीणबाईंनी रागारागात तिन्ही कप बेसिनमध्ये ओतले.

दुसऱ्या दिवशी मुलगा घरी आला तो पडेल चेहऱ्यानं. विभागप्रमुखांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, कशाला राईचा पर्वत करतोस, आई घरचीच आहे, नव्या कागदावर सही घे आणि जुनी तारीख टाक. ही भानगड बाहेर गेली तर लेख जाईल, बढती जाईल, आणि नावाला डाग लागेल तो वेगळाच.

बढतीचं ऐकल्याबरोबर मालकीणबाई ताडकन उठल्या. कालपासून मुलाशी धड बोलल्या नव्हत्या, पण आता अंगात वेगळंच वारं भरलं.

"आण तो कागद. करते मी सही. घाल जुनी तारीख."

"नको आई."

"नको काय? काल पाय माझा होता, आजही माझाच आहे. मी म्हणतेय ना, दिला."

"काल तू रागावली होतीस ते खरं होतं. आज घाबरून देतेयस. आणि तारीख पुन्हा खोटीच. एक खोटं झाकायला दुसरं, आणि तेही तुझ्याच हातानं? मी संपादकांना लिहून टाकलंय."

"कधी?"

"घरी यायच्या आधीच. घरी येऊन लिहिलं असतं तर तू लिहू दिलं नसतंस."

मालकीणबाईंना एकाच वेळी वाटलं की याच्या थोबाडीत द्यावी आणि याला जवळ घ्यावं. दोन्ही न करता त्या सुनेवर खेकसल्या, "बघत काय बसलीस? नवरा बुडतोय तुझा!"

"पोहतोय आई," सून म्हणाली. "पहिल्यांदाच. जरा वेळ द्या."

संपादकबाईंचं उत्तर आलं, त्यांना स्वतः पेशंटशी बोलायचं आहे. मुलाशी नाही, सुनेशी नाही, फक्त पेशंटशी. मालकीणबाई म्हणाल्या, मग माझ्या जागेवर बोलेन. फोन रोपवाटिकेत कलमांच्या टेबलावर, एका कुंडीला टेकवून उभा केला. पडद्यावर बारीक केस कापलेली, चष्मेवाली बाई आली. मुलगा फाटकाशी जाऊन उभा राहिला आणि उगाचच इकडच्या कुंड्या तिकडे करू लागला. त्याच्याकडे पाठ करून बसायचं मालकीणबाईंनी ठरवलं होतं, पण बसल्या त्याच्याकडे तोंड करूनच.

"नमस्कार, आजी."

"आजी तुमच्या घरी असतील त्यांना म्हणा. मला मालकीणबाई म्हणतात."

"चुकलं माझं. मालकीणबाई, तुमच्या मुलानं आम्हाला काय कळवलंय ते ठाऊक आहे?"

मालकीणबाईंनी सगळी तयारी केली होती. पदरचं काही घालायचं नाही, थोडक्यात उरकायचं. "त्याचं काही ऐकू नका. लहानपणापासून घाबरट. सही माझीच आहे. मीच केली."

संपादकबाई रागावल्या नाहीत, की खोटं पाडायलाही धावल्या नाहीत. "बरं. मग लेख तुम्ही आधी वाचला असेल, किंवा ऐकला असेल?"

"ऐकला की."

"तरी पुन्हा एकदा ऐका. आपण त्याच लेखाबद्दल बोलतोय ना, तेवढी खात्री."

आणि त्या सावकाश, सोप्या भाषेत सांगत वाचू लागल्या. मालकीणबाई मान ताठ ठेवून ऐकत होत्या. रुग्ण वयस्कर स्त्री, शिक्षण जेमतेम. इथवर ठीक. व्यवसाय गृहिणी, छंद बागकाम.

मालकीणबाईंची भुवई वर गेली.

पावलावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखी वाढ.

"कशासारखी?"

"फुलकोबी. डॉक्टर लोक तसंच म्हणतात, त्यांनी मुद्दाम..."

"पुढे वाचा."

रुग्णानं अनेक वर्षं आजाराकडे दुर्लक्ष केलं.

"थांबा!" मालकीणबाई एवढ्या जोरात ओरडल्या की फाटकाशी मुलाच्या हातून कुंडी निसटली. "छंद? माझ्या छंदावर तू डॉक्टर झालास का रे?" हे त्या मुलाला म्हणाल्या, मग फोनकडे वळल्या. "आणि दुर्लक्ष? अहो, रोज धुवायची मी तो पाय. रोज बांधायची. मोजा घालून दिवसभर याच मातीत उभी राहायची, आणि रात्री पुन्हा दार लावून सोडायची. दुर्लक्ष करणारी बाई असं करते? मी लपवला. लाज वाटायची म्हणून लपवला. हे असलं लिहिलेलं मी आधी ऐकलं असतं तर जन्मात सही केली असती का?"

बोलून गेल्या, मग ध्यानात आलं. स्वतःच्याच तोंडानं सगळं सांगून बसल्या होत्या.

संपादकबाईंनी जराही विजयी चेहरा केला नाही. चष्मा काढून पुसला, तेवढाच वेळ जाऊ दिला.

"म्हणजे लेख तुम्ही आजच ऐकलात."

"आजच."

"मग आता माझं ऐका. आमचं जर्नल सगळ्यांना उघडं आहे. म्हणूनच ज्याची गोष्ट आहे त्याला विचारण्याबाबत आम्हाला जास्त काटेकोर राहावं लागतं. चूक आमचीही आहे. पेशंट लेखकाच्या नात्यातला आहे का, हे आम्ही विचारतच नव्हतो. आता विचारणार आहोत. तुम्हाला हवं तर लेख पूर्ण काढू. किंवा फोटो काढून टाकू आणि शब्द ठेवू, तुम्हाला पटतील ते."

"फोटो काढला की गेला ना?"

"आमच्याकडून गेला. पण ज्यांनी आधीच उतरवून घेतला असेल त्यांच्याकडून मी परत आणू शकत नाही. खोटा दिलासा नाही देणार तुम्हाला."

मालकीणबाईंना ही बाई आवडायला लागली होती, आणि त्याचाच त्यांना राग येत होता.

"कुणाच्या उपयोगी पडतो का हा लेख? की नुसतंच तुमचं आपलं छापा आणि वाचा?"

संपादकबाई थोड्या घुटमळल्या. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, भरीला घालत नाहीये. एका लहान दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लिहून कळवलंय. महागडी जर्नलं त्यांना परवडत नाहीत. त्यांच्याकडे असाच एक माणूस होता, पाय कापायचं ठरत होतं. लेख वाचून त्यांनी आधी गोळ्या सुरू केल्या. पुढचं अजून कळायचंय."

मालकीणबाईंनी टेबलावरची सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"फोटो काढा," त्या शेवटी म्हणाल्या. "शब्द राहू देत. दुर्लक्ष काढा, लपवला घाला. म्हणजे डॉक्टरांना कळेल, बाई मोजा का काढत नाही ते. आणि छंद काढा. रोपवाटिका चालवते असं लिहा."

"लिहीन. फुलकोबी?"

"राहू दे मेली. होतीच तशी."

संपादकबाई हसल्या. मग मालकीणबाईंनी मूळ मुद्दा काढला. आवाज मात्र खाली आला. "आणि मुलाचं काही लिहायचं नाही."

"ते मला नाही करता येणार. काय चुकलं आणि का बदललं, हे लेखाच्या वरच लिहावं लागतं. वाचणाऱ्याला सगळं उघडं दाखवतो म्हणायचं आणि आमची चूक तेवढी झाकायची, हे चालत नाही. सही पेशंटची नव्हती, लेखकानं केली होती, आणि त्यानं स्वतः होऊन कळवलं. एवढंच लिहू. त्याहून एक शब्द जास्त नाही."

"माझा मुलगा आहे हो तो."

"माहीत आहे."

"पाय माझा. मी माफ केलं तर तुमचं काय जातं?"

"तुम्ही माफ केलंत ते घरात मोठंच आहे. पण त्यांना उद्या दुसरे पेशंट आहेत, मालकीणबाई. तिथे बसलेल्या सगळ्या काही त्यांच्या आया नसतात."

मालकीणबाईंनी फोनवरून नजर काढली. फाटकाशी मुलगा खाली बसून फुटलेल्या कुंडीतलं रोप मातीसकट ओंजळीत धरून होता, आणि ते कुठे ठेवावं ते त्याला कळत नव्हतं.

"स्वतः होऊन कळवलं, हे आधी लिहा," त्या म्हणाल्या. "बाकीचं मागून."

"तसं लिहिते," संपादकबाई म्हणाल्या. "ते माझ्या हातात आहे."

नव्या संमतीवर मालकीणबाईंनी स्वतः सही केली. साक्षीदार घरचा नको होता, म्हणून हॉस्पिटलातल्या मुख्य नर्स आल्या. एक अक्षर वाकडं गेलं. मालकीणबाईंनी डोळे वटारून नर्सकडे पाहिलं, पण त्या बिचाऱ्या खिडकीबाहेर बघत होत्या.

लेखावर दुरुस्तीची चौकट आली. हॉस्पिटलनं मुलाकडून विद्यार्थ्यांच्या संशोधनाचं काम काढून घेतलं आणि बढती पुढे ढकलली. विभागप्रमुखांनी कुत्सितपणे अभिनंदन केलं. मुलगा काही दिवस खाली मान घालून जेवायचा. मालकीणबाई त्याला सोडत नव्हत्या. "घे भाजी. की घ्यायच्या आधी माझी सही हवी?" म्हणून वाढायच्या. पण वन्संनी एकदा सहानुभूतीच्या सुरात "पोराचं नाव खराब झालं हो" असं म्हटलं, तेव्हा मालकीणबाईंनी त्यांना फोन काढायला लावला, नातीकडून चौकट मोठ्यानं वाचून घेतली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "स्वतः होऊन, असं लिहिलंय. तुमच्या घरातल्या कुणाबद्दल लिहिलंय का कुणी असं?"

वन्सं म्हणाल्या, "आमच्या घरातल्या कुणाबद्दल काहीच लिहिलेलं नाही, देवाची कृपा." त्यावर दोघी हसल्या.

पायाच्या तपासणीचा दिवस आला. मुलानं सकाळी बॅग उचलता उचलता म्हटलं, "आई, आज माझ्याबरोबरच चल. खोलीत बघून घेतो."

"तुला नाही दाखवणार. दुसरं कुणीतरी बघू दे मला."

मुलगा दुखावला. "अजून राग आहे?"

"राग आहेच. पण त्याचं नाही हे. तू बघतोस तेव्हा मला कळतच नाही, मुलगा विचारतोय की डॉक्टर. मुलाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही माझी, आणि डॉक्टरला नाही म्हणायचा मला हक्क आहे, हे तुझ्याच संपादकबाईंमुळे कळलंय. तेव्हा डॉक्टर दुसरा शोध."

त्यानं त्याच विभागातल्या एका तरुण डॉक्टरणीचं नाव सांगितलं, आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसला, इतरांचे नातेवाईक बसतात तिथे.

आत डॉक्टरणीनं स्टूल पुढे ओढलं. मालकीणबाईंनी मोजा काढला. मुलगी पाय वळवून, दाबून, बोटांच्या मधे बघून तपासत होती. घाई करत नव्हती. "छान भरलाय. जुन्या जागेवर थोडी त्वचा जाड आहे, पण काळजीचं नाही." मग ती जरा थांबली. "एक विचारू? फोटो काढू का एक? पुढच्या वेळी तुलना करायला."

"कुठे ठेवणार?"

"तुमच्या फाइलमध्ये. मी बघेन, आणि माझ्या जागी दुसरं कुणी असलं तर ते बघतील."

"विद्यार्थी?"

"तुम्ही हो म्हणालात तरच."

"छापणार?"

"नाही. छापायचं झालं तर वेगळं विचारावं लागेल, वाचून दाखवून."

मालकीणबाईंनी पायाकडे पाहिलं. चांगला दिसत होता पाय. काढला असता फोटो तर काही बिघडलं नसतं.

"आज नको," त्या म्हणाल्या.

"बरं," मुलगी म्हणाली, आणि फोन खिशात ठेवून लिहायला बसली. तिच्या चेहऱ्यावर आठी नव्हती, कसलं कारणही तिनं विचारलं नाही. मालकीणबाई आठीची वाट बघत थोडा वेळ बसून राहिल्या, मग त्यांनी मोजा घडी करून पिशवीत टाकला आणि तशाच चपला घातल्या.

बाहेर मुलगा झटकन उठला. "काय म्हणाली? जाड त्वचा आहे का अजून? फोटो काढला?"

"ते माझं आणि डॉक्टरांचं," मालकीणबाई म्हणाल्या. "तू चहा पाज."